ठमाबाईच्या पडवीतले अठ्ठावीस ढोल

नीलिमाविरुद्ध पहिली तक्रार मीच लिहिली होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर दुसरं कुणीतरी सांगेलच. आमच्या सोसायटीत अशा माणसांची कमतरता नाही.

मी हिंदुराव पवार. मूळचा कोरेगाव तालुक्यातला, पण आयुष्य इकडेच गेलं. अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढली आणि त्या काळात सहीशिवाय एक नटसुद्धा कुणाला दिला नाही. रिटायर झाल्यावर बदलापूर पूर्वेला शिरगावात घर घेतलं आणि दोन वर्षांत सोसायटीचा सेक्रेटरी झालो. पोरं मला पाठीमागे कायदेराव म्हणतात. मला ते आवडायचं, पण मी तसं दाखवत नसे.

नीलिमा लग्न करून आमच्या बी विंगमध्ये आली ती पुण्याहून. नवरा सुजित अगदी अबोल, लिफ्टमध्ये भेटला तर मजल्याच्या आकड्यांकडे बघत राहणारा. आणि ही बाई आल्यावर पंधरा दिवसांत रविवारी टेरेसवर ताशा घेऊन बसली. ताशा म्हणजे काय, ते ज्याच्या डोक्यावरच्या स्लॅबवर वाजतो त्यालाच कळतं. मी रीतसर नोटीस काढली. संध्याकाळी ती नोटीस हातात घेऊन माझ्या दारात उभी. मी भांडणाच्या तयारीने चष्मा लावला.

"काका, यात दोन चुका आहेत," ती म्हणाली. "तुम्ही ढोल लिहिलंय, तिथे ताशा हवं. आणि मी चार वाजता नाही, पाच वाजता वाजवत होते."

मी चौकशी केली. तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी दुरुस्त नोटीस काढली आणि तिने ती सही करून घेतली. त्यानंतर टेरेसवर ताशा कधी वाजला नाही. तेव्हा मला वाटलं, प्रकरण मिटलं.

तिचे वडील पीएमटीत कंडक्टर होते. पंधराव्या वर्षी ती पहिल्यांदा सरावाला गेली आणि पुढे दहा वर्षं एकाच पथकात वाजवत राहिली. शेवटची चार वर्षं तिच्याकडे ताशाची लीड होती, म्हणजे शंभर ढोल जिच्या काडीकडे बघून थांबतात आणि उठतात ती जागा. लग्न ठरलं तेव्हा तिने हिशेब केला होता की बदलापूर एवढं वाढलंय, तर तिथे पथक असणारच. इथे आल्यावर कळलं की हळदीला बेंजो आहे, वरातीला डीजे आहे, मिरवणुकीत ढोलही आहेत, पण तिला हवं तसं, स्पर्धेत उतरणारं पथक काही सापडेना. मग ते आपणच काढायचं असं तिने ठरवलं. सुजितला विचारलं का, असं मी एकदा विचारलं. "सांगितलं," ती म्हणाली.

मी तिला एकदा हेही विचारलं की एवढी स्पर्धेचीच हौस का, गणपतीत वाजवा की झकास. तिने जरा विचार केला. "मिरवणुकीत लोक गणपतीकडे बघतात काका, आणि बघायलाच पाहिजे. पण स्पर्धेत बारा मिनिटं लोक नुसतं ऐकतात. ते मला इथल्या माणसांकडून एकदा व्हायला हवंय. एकदाच."

स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये ती रक्ताचे नमुने घ्यायचं काम करते. अर्ध्या शिरगावाचं रक्त तिने काढलं असेल. शीर शोधता शोधता ती माणसाचं मनगट बघायची, खांदा बघायची, आणि सुई आत गेली की विचारायची, "ढोल वाजवणार का?" त्या क्षणी कुणाची नाही म्हणायची हिंमत होत नाही. पथकातली पहिली अकरा माणसं अशी सुईच्या टोकावर जमली. मीही त्यातलाच. शुगर तपासायला गेलो होतो. खुर्चीच्या हातावर माझी बोटं आपली चालू होती, ती माझी जुनी सवय.

"काका, तुमची लय हलत नाही," ती म्हणाली. "टोल वाजवाल?"

टोल म्हणजे गाड्याला टांगलेली जाड थाळी. हातोडीने ठोके द्यायचे, आणि सगळं पथक त्या ठोक्यावर चालतं. एक ठोका इकडचा तिकडे झाला की संपलं. आयुष्यात माझ्या शिस्तीचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी हो म्हणालो. घरी बायको इतकी हसली की तिला ठसका लागला.

आमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर सराव सुरू झाला. मालकाने तोंडी परवानगी दिली होती, बांधकाम सुरू होईपर्यंत. रविवारी संध्याकाळी, दोन तास. पहिल्या वर्षी काय काय झालं ते सांगायला बसलो तर रडू येईल. एमआयडीसीतल्या पोरांच्या शिफ्टा बदलायच्या, त्यामुळे या रविवारी आलेला पुढच्या रविवारी नसे. नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, सुपारी कितीची? नीलिमा सांगायची की सुपारी नाही, स्पर्धा आहे. मग मिळणार काय? "नंबर," ती म्हणायची. माणूस पाणी पिऊन निघून जायचा. दुसऱ्या वर्षी पस्तिशी गाठली, तर गणपतीच्या तोंडावर तेरा जण एका बेंजो पार्टीकडे गेले. स्पर्धेचा फॉर्म भरलेला होता. तो मागे घ्यायला ती एकटीच उल्हासनगरला गेली.

चामटोलीचा हरेश आला तेव्हापासून पथकाला बरकत आली. हरेश भोईर, अंगाने आडवा, हाताने जड. भावकीतली आठ पोरं घेऊन आला. ही पोरं हळदीत वाजवून तयार झालेली, त्यामुळे तिसऱ्या मिनिटाला लय जी पळायची ती थेट नवरदेवाच्या दारात जाऊन थांबायची. नीलिमा हात वर करून थांबवायची, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. हरेश एकदा वैतागून म्हणाला, "ताय, ढोल हाय का रेशनची लाइन?" पण दुसऱ्या रविवारी तो पंधरा मिनिटं आधी आला आणि एकटाच माझ्या टोलवर संथ लय घोटत बसला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे होईल.

आता ढोल ठेवायचे कुठे, हा प्रश्न. एकेक करत जमवलेले अठ्ठावीस ढोल म्हणजे खोलीभर सामान. नीलिमा माझ्याकडे आली आणि आमच्या बिल्डिंगच्या स्टिल्टमधली, म्हणजे खालच्या खांबांमधल्या पार्किंगमधली, कोपऱ्यातली जागा मागितली. तिथे काहीच नसतं, एक मोडका पाळणा आणि उंदीर. मी नाही म्हणालो. पथकात मी टोल वाजवतो, पण सेक्रेटरी म्हणून आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको. त्या निःपक्षपातीपणाचा मला फार अभिमान वाटला होता, तोही सांगून टाकतो.

मग हरेशच्या आजीने जागा दिली. ठमाबाई. नव्वदीच्या पुढची, ऐकू कमी यायचं, पण नजर शाबूत. चामटोलीत तिच्या घराची पडवी लांबरुंद होती, तिथे एका अंगाला तिची खाट आणि दुसऱ्या अंगाला आमचे अठ्ठावीस ढोल. वाद्यपूजनसुद्धा तिच्याच हट्टाने तिथे झालं. तिने एकेका ढोलाला हळदकुंकू लावलं, एकही सोडला नाही, अर्धा तास लागला. नीलिमाने विचारलं, आजी, त्रास नाही ना होत यांचा? म्हातारी म्हणाली, "तरास कसला गो. रस्त्यावरशी ट्रक गेला का गुनगुनतान. मना तेवढाच ऐकू येतंय." नीलिमा दर रविवारी ढोल न्यायला स्वतः जायची आणि आधी म्हातारीजवळ बसायची. दोघींची काय बोलणी व्हायची कोण जाणे. एकीला ऐकू येत नव्हतं आणि दुसरीला चामटोलीची भाषा निम्मी कळत नव्हती.

यंदाचं तिसरं वर्ष. वादक सेहेचाळीस झाले होते. प्लॉटमालकाने निरोप दिला होता की दिवाळीनंतर टॉवरचं काम सुरू होणार, तेव्हा यंदा काय वाजवायचं ते वाजवून घ्या. आसपास दुसरी मोकळी जागा राहिलेली नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे उल्हासनगरची स्पर्धा यंदा झाली तर झाली. नियम होता कमीत कमी पस्तीस वादक आणि पंचवीस ढोल. आमचं सगळं त्यात बसत होतं. नीलिमाने तर आजारपण, शिफ्ट, कुणाच्या घरचं लग्न, सगळं धरून माणसं जास्तीची तयार केली होती. ढोल मात्र तेवढेच होते.

स्पर्धेला दोन आठवडे होते. रविवारी सराव संपल्यावर हरेश म्हणाला, "ताय, आजीचा काय खरा नाय. चार दिस झाले, पेज पन घेत नाय. ढोल हलवायचं असतील तं आत्ताच हलवा. मागाहून मना बोलता येनार नाय."

नीलिमाला चटकन कळलं नाही, मला कळलं. घरात माणूस गेलं की सुतक, आणि सुतकातल्या घरातून पूजेची वस्तू कोण बाहेर काढणार? ती तशीच घामेजलेल्या अंगाने माझ्याबरोबर सोसायटीच्या ऑफिसात आली.

"काका, पंधरा दिवस. फक्त पंधरा दिवस तो कोपरा द्या. म्हातारीच्या जिवावर उठल्यासारखं वाटतंय मला हे बोलताना, पण द्या."

मी काय केलं? मी ड्रॉवरमधून नियमांचं पुस्तक काढलं. सामायिक जागेचा वापर, सर्वसाधारण सभेची मान्यता, चौदा दिवसांची नोटीस. तिच्या समोर नोटीस टाईप केली, विषय क्रमांक चार, आणि बोर्डावर लावली. तारीख आली ती नेमकी स्पर्धेच्या रविवारची, सकाळी अकरा. "सभा अकराला, आपली स्पर्धा संध्याकाळी," मी म्हणालो. "सगळं वेळेत बसतंय." तेव्हा ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती "बरं" म्हणाली आणि गेली.

तिने दुसरीकडे विचारलं नाही असं नाही. लॅबच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांच्याकडे फ्रीज ठेवायलाच जागा नव्हती. सुजितने कधी नव्हे ते तोंड उघडून घरातला पलंग काढायची तयारी दाखवली, तर त्या जागेत सात ढोल मावले असते. सासूबाईंनी खोकून नापसंती कळवली. आणि खरं सांगायचं तर ठमाबाई मधल्या काळात उठून बसली, पेज प्यायली, हरेशचा चेहरा फुलला. आम्ही सगळ्यांनी ते सोयीचं म्हणून खरं मानलं.

बुधवारी सकाळी ठमाबाई गेली. स्पर्धा रविवारी.

हरेश धरून त्याच्या भावकीतले नऊ जण सुतकामुळे कमी झाले, तरी सदतीस उरत होते. माणसांचा प्रश्न नव्हता. प्रश्न त्या पडवीतल्या ढोलांचा होता. नीलिमाने दिवसभर फोन लावले. पुण्याच्या तिच्या जुन्या पथकाचे सगळे ढोल गणपतीच्या सरावात अडकलेले. उल्हासनगरला ज्या सिंधी शेठकडून आम्ही ढोलाचं पान, म्हणजे तोंडावरचा पडदा, आणि दोरी घ्यायचो, तो बिचारा भला माणूस. "बेटा, सीझन है, नौ पीस पड़े हैं, अभी ले जा, पैसे की बात बाद में," म्हणाला. इकडून तिकडून आणखी चार. तेरा झाले. पंचवीस पाहिजे होते.

गुरुवारी आम्ही दोघं समाचाराला चामटोलीला गेलो. रिक्षात ती ओठ हलवत होती. काय बोलायचं त्याची उजळणी चालली होती, हे मला कळत होतं. ढोल पथकाचे आहेत, आम्हीच उचलतो, तुमच्या कुणाचा हात लागणार नाही, असं काहीतरी असणार.

पडवीत खाट काढलेली होती. तिच्या जागी जमिनीवर दिवा, भोवती पीठ पसरलेलं. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. आणि समोर आमचे अठ्ठावीस ढोल, तसेच ओळीने. त्यांच्यावर ठमाबाईची दोन लुगडी कुणीतरी पांघरून ठेवली होती. रस्त्यावरून एक डंपर गेला. लुगड्यांखाली ढोल घुमले, सगळ्यांनी ऐकलं, आणि ठमाबाईची सून एकदम रडायला लागली.

भावकीतला मोठा माणूस म्हणजे बाळा भोईर, ठमाबाईचा पुतण्या, सत्तरीचा. नीलिमा तोंड उघडायच्या आत तोच बोलला. "पोरी, तू कशाला आलीस ता मना कलतंय. तुझा काम मोठा हाय. सुतकातल्या घरातली वस्तू दिस होईपत्तूर भायेर जात नाय, आमच्यात असाच हाय. पन ढोल तुझं हायेत. तू नेतंय बोललीस तं आमी कोन तुला अडवनार नाय."

हरेश दाराच्या चौकटीला धरून उभा होता. हळूच म्हणाला, "ताय, वादन गनपतीच्या वंदनेनं सुरू व्हतंय. तुमीच सांगा."

सगळे तिच्याकडे बघत होते. कुणाच्या डोळ्यात राग नव्हता, आणि राग नव्हता म्हणूनच तिला काही करता येईना. रागावर नीलिमाकडे उत्तर असतं, ते मी बी विंगच्या नोटिशीपासून पाहत आलोय. ती उठली. मला वाटलं, आता बोलणार. ती ढोलांच्या ओळीकडे गेली, एका बाजूने घसरलेलं लुगडं तिने नीट केलं, आणि परत येऊन बायकांमध्ये बसली. तासभर बसली.

रिक्षातून येताना मी म्हणालो, "नीलिमा, माझी चूक झाली." हे वाक्य मी कारखान्यातही कधी उच्चारलं नव्हतं. "नियम होता काका," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी झोपू शकलो असतो.

रविवारी सकाळी अकराला सभा झाली. मी तहकूब करणार होतो, पण तिनेच सांगितलं, नोटीस निघालीय ना, होऊ द्या. सव्वीस सभासद हजर, म्हणजे आमच्याकडे गर्दीच. पाण्याची टाकी, सीसीटीव्ही, कुत्र्यांना खाऊ घालणं, आणि विषय क्रमांक चार. मला वाटलं कुणीतरी विरोध करेल. मनापासून सांगतो, मी देवाकडे मागत होतो की कुणीतरी उठून भांडावं, चार लोकांनी नाही म्हणावं, म्हणजे मग त्या दिवशीच सभासदांना विचारलं असतं तरी जागा मिळाली नसती असं मला म्हणता आलं असतं. ए विंगच्या राजाबाई, ज्या पिण्याच्या पाण्यालाही विरोध करतात, त्या म्हणाल्या, "ठेवू द्या की, कोपरा रिकामाच तर आहे. एवढ्यासाठी सभा कशाला लागते?" सगळ्यांनी हात वर केले. शेवटच्या रांगेत सुजितशेजारी बसलेल्या नीलिमानेही केला. मी इतिवृत्तात लिहिलं, सर्वानुमते मंजूर. पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

संध्याकाळी मी गॅलरीत बसलो होतो. स्पर्धा उल्हासनगरात, इथे काही ऐकू येणं शक्य नाही. तरी बसलो होतो. खालच्या प्लॉटवर आमच्यातली दहाबारा पोरं नुसतीच येऊन उभी होती, नेहमीच्या सरावाच्या वेळेला. थोड्या वेळाने गेली.

दिवस झाले, गणपती आले आणि गेले. चामटोलीच्या त्या घरात यंदा गणपती बसला नाही. आमची बरीच पोरं तोवर दुसरीकडे वाजवायला लागली होती, त्यांना तरी काय म्हणणार. प्लॉटमालकाने दिवाळीचीही वाट पाहिली नाही, विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी निळे पत्रे मारून टाकले.

त्यानंतरच्या रविवारी हरेश टेम्पोतून ढोल घेऊन आला. डोक्यावर नुकते केस फुटले होते. ढोलांवर गोमूत्र शिंपडून, पुसून आणले होते, पण ठमाबाईच्या हातचं कुंकू त्याने पुसलं नव्हतं. आम्ही तिघांनी ते उतरवून स्टिल्टमधल्या कोपऱ्यात लावले. मी आदल्या दिवशीच कोपरा झाडून, पाळणा काढून, उंदरांसाठी जाळी ठोकून ठेवली होती. वर बल्बसुद्धा लावला होता. असा कोपरा आख्ख्या बदलापुरात कुठल्या पथकाला नसेल.

हरेश गेल्यावर नीलिमा खाली बसली आणि एकेका ढोलाची दोरी सैल करायला लागली. ढोल बरेच दिवस वाजणार नसला की दोरी सैल करतात, नाहीतर पान ओढून फाटतं, हे तिनेच मला शिकवलं होतं. मी ढोल धरत होतो, ती गाठी सोडत होती. अठ्ठावीस ढोलांना दीड तास लागला. शेवटच्या ढोलाच्या वेळी मी तिला विचारलं, "पुन्हा कधी ताणायचे?"

तिने दोरीची टोकं नीट गुंडाळली. "वाजवायला जागा कुठाय काका?" ती म्हणाली, आणि हात पुसत जिन्याकडे गेली.

मी बल्ब बंद केला. बाहेर निळ्या पत्र्यांमागे पायलिंगचं मशीन सुरू झालं होतं, आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला कोपऱ्यातले ढोल घुमत होते. दोऱ्या सैल होत्या, त्यामुळे आवाज बसका येत होता. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. मशीनची लय मात्र एकदाही हलली नाही.